शेतावरील मुलांची सुरक्षितता

सुगीचे दिवस आले म्हणजे पहाटेपासूनच सारे घर शेताकडे निघते. भाकरीची दुरडी, पाण्याची कळशी, विळे आणि कडेवर लहान मूल. शेतावर पोचल्यावर बांधावरच्या आंब्याच्या किंवा बाभळीच्या सावलीत गोधडी अंथरली जाते. तान्ह्या मुलासाठी फांदीला झोळी बांधली जाते आणि सहा-सात वर्षांच्या थोरल्या बहिणीस सांगितले जाते, "बाळाकडं लक्ष ठेव गं." मग काम सुरू होते. सोयाबीनची काढणी असो की कापसाची वेचणी, एकदा पाते धरले की माऊलीस मान वर करावयाचीही सवड नसते.

हे चित्र आपल्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. "आमची पोरं शेतातच वाढली, त्यांस काय झाले?" असे पुष्कळ वडीलधारी माणसे विचारतात. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु एक गोष्ट त्यांच्या लक्षात आणून दिली पाहिजे. मूल पूर्वीचेच आहे, शेत मात्र पूर्वीचे राहिलेले नाही. आजच्या बांधावर फवारणीचा पंप आणि कीटकनाशकाच्या बाटल्या असतात. खळ्यावर मळणी यंत्र चालते, गोठ्यात विजेवर चालणारे कडबाकुट्टी यंत्र असते आणि शिवाराच्या एका अंगास प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे असते. ही साधने उत्पन्न वाढविण्यासाठी आली आहेत व ती हवीतच. मात्र प्रत्येक नव्या साधनाबरोबर त्याच्या बंदोबस्ताची रीतही घरात आली पाहिजे. ती पुष्कळ ठिकाणी आलेली नाही आणि त्याची किंमत लहान मुलांस मोजावी लागते.

मुलास वारंवार बजावणे किंवा धाक घालणे म्हणजे बंदोबस्त नव्हे. दोन-तीन वर्षांच्या मुलास धोका कळत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलास तो कळला, तरी खेळाच्या भरात आठवत नाही. वासराने विहिरीकडे जाऊ नये म्हणून आपण त्याला उपदेश करीत नाही, दावे बांधतो किंवा वाट बंद करतो. मुलाच्या बाबतीतही मोठ्या माणसांनी धोक्याच्या वस्तूचीच वाट बंद करावयाची असते. पुढील विवेचनाचे सार एवढेच आहे.

विषाचा बंदोबस्त

कीटकनाशकास आपण बोलताना 'औषध' म्हणतो. "औषध मारायला गेलेत," "औषधाचा डबा आण," असे शब्द मुलाच्या कानावर रोज पडत असतात. तापावरचे गोड औषधही त्याच नावाचे असते. मुलाने या दोहोंत भेद कसा करावा? म्हणून पहिली सुधारणा जिभेपासूनच करावी. मुलांसमोर कीटकनाशकास 'विष' असेच म्हणावे.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांनुसार प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. हिरवा त्रिकोण असला म्हणून ते द्रव्य निर्धोक समजू नये. लहान मुलाच्या शरीराचे वजन कमी असते, त्यामुळे मोठ्या माणसास सोसेल एवढी मात्राही त्यास घातक ठरू शकते. शिवाय विष तोंडावाटेच पोटात जाते असे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांस विषबाधा झाली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यांनी विष प्यायले नव्हते. ते श्वासावाटे व त्वचेवाटे त्यांच्या शरीरात शिरले होते. मुलांची त्वचा नाजूक असते आणि श्वास जलद चालतो. म्हणून फवारणी चालू असताना व त्यानंतर लेबलावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या शेतात मूल नसावे. फवारणी करून आलेल्या माणसाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय मुलास उचलून घेऊ नये आणि ते कपडे घरच्या इतर कपड्यांत मिसळून धुऊ नयेत.

घरोघरी होणारी मोठी चूक म्हणजे उरलेले कीटकनाशक सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवणे. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, तिच्यातील द्रव ओळखत नाही. याच्या उलट चूकही तितकीच भयंकर असते. कीटकनाशकाचा रिकामा डबा स्वच्छ धुतला म्हणून त्यात तेल, पाणी किंवा धान्य कधीही ठेवू नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहार राज्यातील सारण जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेत दुपारचे भोजन घेतलेल्या २३ बालकांचा मृत्यू झाला. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे तपासणीत आढळून आले. शेतातील विष व चुलीजवळचे तेल यांची गाठ पडली, तर काय होते याचे याहून विदारक उदाहरण नाही.

म्हणून कीटकनाशक नेहमी मूळ डब्यातच ठेवावे. डबा कुलपाच्या पेटीत किंवा कपाटात, मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर व स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे आणि डब्यास भोके पाडून तो निकामी करावा. बीजप्रक्रिया केलेले लाल-गुलाबी बियाणे मुलांस गोळ्यांसारखे दिसते, तेही कुलपातच असावे. उंदरांसाठी मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट दात घासावयाच्या पेस्टसारख्या नळीत येते व ती अत्यंत घातक असते. लहान मुले असलेल्या घरात ती आणूच नये. कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले त्या खातात व त्यांस उलट्या-जुलाब होऊन इस्पितळात न्यावे लागते. शाळेच्या व अंगणवाडीच्या कुंपणास हे झाड नसावे.

एवढे करूनही विषबाधा झाली तर काय करावे? मुलाच्या तोंडातून लाळ गळणे, फार घाम येणे, डोळ्यांतून पाणी वाहणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, उलटी, जुलाब, अंग थरथरणे व दम लागणे ही पुष्कळ कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणे होत. अशा वेळी मुलास मुद्दाम ओकारी काढू नये. मिठाचे पाणी, ताक, तूप, लिंबू यांपैकी काहीही पाजू नये. ओकताना विष फुप्फुसात शिरण्याची भीती असते आणि मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या जिवास स्वतंत्र धोका होतो. अंगावर विष सांडले असल्यास कपडे काढून साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. धुणाऱ्याने हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. मूल गुंगीत असेल, तर त्यास कुशीवर निजवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि विषाचा डबा लेबलासह डॉक्टरांकडे न्यावा. कोणते विष आहे हे समजले की उपचार लवकर सुरू होतो.

पाण्याचा बंदोबस्त

विहिरीचे भय सर्वांस ठाऊक आहे, शेततळ्याचे तितकेसे नाही. २०१६ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' या योजनेनंतर अनेक गावांच्या शिवारांत शेततळी झाली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल हे त्याचे परिचित माप होय. या तळ्याच्या तिरप्या बाजू पाहून वाटते की, मूल पाय घसरून पडले तरी चढून वर येईल. प्रत्यक्षात प्लॅस्टिकचे अस्तर ओले झाले व त्यावर शेवाळ धरले की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणारा मनुष्यही त्यावरून वर चढू शकत नाही. मुलामागे आई किंवा बाप उडी घेतो आणि दोघेही बुडतात, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

म्हणून शेततळे खणण्याचा खर्च काढतानाच कुंपणाचा खर्च त्यात धरावा. चारही बाजूंनी जाळीचे कुंपण, त्यास एकच फाटक व फाटकास कुलूप असावे. तळ्याच्या चारही बाजूंस काठावर पक्के खुंट रोवून त्यांस जाड दोर बांधावेत. दोरास दर हातभर अंतरावर गाठ मारावी व दुसरे टोक पाण्यात सोडून ठेवावे. पाण्यात हवा भरलेली ट्यूब नेहमी तरंगती ठेवावी. विहिरीस कठडा नसेल, तर पावसाळ्यापूर्वी तो बांधून घ्यावा. घराजवळचा हौद झाकलेला असावा आणि वापर झाल्यावर बादली व घंगाळ उपडे करून ठेवावे. रांगणारे मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. बुडणारे मूल हाका मारीत नाही व फारसे हातपायही आपटीत नाही. ते मुकाट्याने पाण्याखाली जाते. म्हणून "ओरडला तर ऐकू येईल" या भरवशावर कोणी राहू नये.

बुडणाऱ्यास वाचविताना स्वतः उडी न टाकता दोर, लांब बांबू, लुगडे किंवा ट्यूब टाकावी. बाहेर काढलेल्या मुलास उलटे धरून गरगर फिरविण्याची किंवा पोट दाबून पाणी काढण्याची जुनी रीत सोडून द्यावी. तीत अमोल वेळ वाया जातो. मुलाचा श्वास चालत नसल्यास त्यास पाठीवर निजवून हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरावे व त्याच्या तोंडात पाच वेळा श्वास फुंकावा. त्यानंतर छातीच्या मध्यभागी, छाती एक-तृतीयांश दबेल इतक्या जोराने, मिनिटास १०० ते १२० या गतीने तीस वेळा दाबावे आणि दोनदा श्वास द्यावा. मदत येईपर्यंत हे चालू ठेवावे. ही कृती वाचून साधत नाही, हातांनीच शिकावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने गावातील दहा-वीस तरुण-तरुणींना ती शिकविणे अगत्याचे आहे.

यंत्रे व निकामी विंधन विहिरी

मळणी यंत्राच्या तोंडाशी हात जाणे, ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात कपडा अडकणे, कडबाकुट्टीच्या पात्याखाली बोटे सापडणे हे अपघात क्षणात घडतात. यंत्र चालू असताना खळ्याभोवती दोरी बांधून मुलांस तिच्याबाहेर ठेवावे. कुट्टी यंत्राचे चाक काम नसताना खिळीने किंवा साखळीने अडकवून ठेवावे आणि विजेचा खटका मुलाच्या हाताबाहेर असावा. मुले हाताने चाक फिरवून खेळतात व दुसऱ्याची बोटे तुटतात. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कोणीही बसू नये. "बसू द्या हो, हौस आहे पोराला," असे आजोबा म्हणतील, परंतु चाकावरच्या पत्र्यावर बसविलेले मूल एका गचक्यासरशी मागच्या नांगराखाली जाते. ट्रॅक्टर मागे घेण्यापूर्वी चालकाने खाली उतरून एक फेरी मारून पाहावे.

पाणी न लागलेली विंधन विहीर उघडी टाकणे हा तर उघड उघड निष्काळजीपणा होय. २००६ साली हरियानात एक पाच वर्षांचा मुलगा अशा खड्ड्यात पडला. सुमारे पन्नास तासांच्या प्रयत्नांनंतर तो सुखरूप बाहेर निघाला व साऱ्या देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर पडलेल्या पुष्कळ मुलांच्या नशिबी ते भाग्य नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली याविषयी निर्देश दिले आहेत. काम चालू असताना कुंपण घालावे, विहिरीचे तोंड पोलादी झाकणाने घट्ट बंद करावे आणि सोडून दिलेली विहीर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरून काढावी, असे त्यांत सांगितले आहे. वर पोते टाकून दगड ठेवणे म्हणजे झाकण नव्हे.

साप आणि विंचू

२००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० मृत्यू झाले असा अभ्यासकांचा अंदाज आहे आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतील होते. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांपासून मुख्य धोका असतो. त्यांत मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. त्याचा दंश दुखत नाही व खूणही कित्येकदा दिसत नाही. पहाटे मूल पोटदुखीने उठले, त्यास उलटी झाली, पापण्या जड होऊन मिटू लागल्या किंवा थुंकी गिळता येईनाशी झाली, तर पोट बिघडले असेल असे समजून सकाळपर्यंत थांबू नये. मण्यार चावल्याची शक्यता धरून तत्काळ इस्पितळ गाठावे.

मुलांस खाटेवर निजवावे व मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. कडब्याची गंज व सरपणाचा ढीग घराच्या भिंतीस लागून नसावा. उंदीर आले की त्यांच्यामागून साप येतो, म्हणून धान्य झाकलेले असावे. दंश झाल्यास मुलाच्या पायातील वाळे व मनगटावरील दोरा काढून टाकावा, चावलेला अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवावा व मुलास चालू न देता उचलून न्यावे. दोरी आवळून बांधणे, जखम कापणे, विष चोखणे, लिंबाचा पाला चारून पाहणे यांत घालविलेला प्रत्येक क्षण मुलाच्या आयुष्यातून वजा होतो. सापाचे विष मूल व मोठा माणूस असा भेद करीत नाही. तेवढेच विष लहान शरीरात अधिक वेगाने काम करते. त्यावर सर्पदंश-प्रतिविष हाच खरा इलाज आहे.

कोकणातील लाल विंचवाबद्दलही हेच सांगता येईल. पूर्वी या विंचवाच्या दंशाने पुष्कळ मुले दगावत असत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेवर दवाखान्यात पोचलेले मूल बहुधा वाचते. दंशानंतर मुलास दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले किंवा उलट्या होऊ लागल्या, तर मांत्रिकाची वाट पाहू नये.

राखण कोणाची?

वरील सर्व बंदोबस्त केला तरी एक गोष्ट उरतेच. लहान मुलाजवळ जाणते माणूस हवे. सहा वर्षांच्या बहिणीवर दीड वर्षाच्या भावाची जबाबदारी टाकणे हा त्या दोघांवरही अन्याय आहे. काही विपरीत घडले, तर त्या मुलीच्या मनावर जन्मभर ओझे राहते.

या बाबतीत बांगलादेशाचा अनुभव उपयोगी आहे. तेथे घराघरापाशी डबकी व तळी असतात आणि सकाळी आई कामात गुंतलेली असताना मुले बुडत. तेव्हा गावोगाव 'आंचल' नावाची पाळणाघरे काढण्यात आली. गावातीलच एक शिकविलेली स्त्री सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत एक ते पाच वर्षांच्या मुलांस सांभाळते. या साध्या योजनेने बुडून होणारे बालमृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे दिसून आले. आपल्याकडेही हा विचार अपरिचित नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद करण्यात आली होती की, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली, तर त्यांस सांभाळण्यासाठी एका स्त्रीस नेमावे व तिला मजुरी द्यावी. जे रोजगाराच्या कामावर योग्य मानले गेले, ते आपल्या शेतावर का होऊ नये? शेजारच्या चार-पाच शेतांवरील कुटुंबांनी सुगीचे वीस-पंचवीस दिवस एका आजीबाईस किंवा मावशीस एका सावलीत मुलांजवळ बसवावे व तिची मजुरी सर्वांनी वाटून द्यावी. मुले सांभाळणे हेही कामच आहे आणि त्यास दाम मिळालाच पाहिजे. जेथे अंगणवाडी जवळ आहे, तेथे तीन वर्षांवरील मुले सकाळी तीत पाठविण्यास कंटाळा करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

गावात काम करणाऱ्या कृषी कर्मचाऱ्यांनी, आशा कार्यकर्तींनी व अंगणवाडी सेविकांनी मृग नक्षत्रापूर्वी एकत्र शिवारफेरी काढावी व पुढील गोष्टींची यादी करावी :

१. कठडा नसलेल्या विहिरी व कुंपण नसलेली शेततळी किती?
२. उघड्या पडलेल्या निकामी विंधन विहिरी कोठे आहेत?
३. किती घरांत कीटकनाशकासाठी कुलपाची पेटी आहे?
४. किती कडबाकुट्टी यंत्रांस खिळी किंवा साखळी आहे?
५. सुगीत कोणत्या शेतांवर पाच किंवा अधिक लहान मुले येतात?
६. प्रतिविष मिळणारे सर्वांत जवळचे इस्पितळ कोणते व तेथे जाण्यास रात्री कोणाचे वाहन मिळेल?

ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. कोणाचा दोष काढण्याच्या हेतूने नव्हे, तर कोणते काम कोणी व कोणत्या दिवसापर्यंत करावयाचे हे ठरविण्यासाठी ती वाचावी. एक जुलै रोजी कृषी दिन साजरा होतो. त्या दिवशी यादी पुन्हा हाती घ्यावी आणि जे काम राहिले असेल ते पेरणीच्या गडबडीतही पुरे करावे.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, यांतील बहुतेक कामांस पैसा थोडा लागतो. एक कुलूप, चार दोर, एक ट्यूब, एक खिळी आणि विंधन विहिरीत टाकावयाची काही गाड्या माती, एवढेच साहित्य आहे. खत-बियाण्याच्या तयारीबरोबर याही तयारीला एक दिवस द्यावा. ज्या मुलाच्या हाती पुढे ही जमीन द्यावयाची, त्याच्यासाठी तो दिवस जास्त नाही.